आधी दाब उतरवायचा

विश्रांती कशी द्यायची, हे आमच्या अख्ख्या गल्लीत माझ्याइतकं कुणालाही कळत नाही! हसू नका. कापड रंगवायच्या कारखान्यात जन्मभर मी बॉयलर सांभाळला आहे. वाचायला शिकलो ते केस पांढरे व्हायला लागल्यावर, पण दाबाचा काटा मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून वाचतोय. वर्षातून एकदा बॉयलरला सुट्टी असायची आणि ती द्यायची माझ्याच हातानं. आधी दाब उतरवायचा. मग सावकाश थंड होऊ द्यायचं. घाई केली की पत्रा तडकला म्हणून समजा! माझ्या हाताखाली एक नळी कधी फुटली नाही.

"कारखान्यातली नाही फुटली," आमची ही म्हणते, "आणि घरातल्या कपबश्या कुणी फोडल्या?"

तिच्याकडे लक्ष देऊ नका. मी सांगतोय ते माझ्या नातीबद्दल. ती मुलींच्या फुटबॉल संघात गोल अडवते. तिच्याजवळून बॉल पुढे जात नाही, म्हणून मैदानावर तिला सगळे 'भिंत' म्हणतात. आता घरातही तेच नाव पडलंय. "भिंत, जेवायला ये!" अशी हाक ऐकून नवीन पाहुणा दचकतो.

हंगाम संपता संपता भिंतीची टाच दुखायला लागली. वाढतं वय आणि वर्षभराच्या उड्या. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, पण आराम हवा. मग एक दिवस तिची कोचताई घरी आली. तरणीताठी मुलगी, गळ्यात शिट्टी. चहा पितानाही शिट्टी काढून ठेवत नाही, त्यामुळे ती कपावर टिणटिण वाजत होती.

"आजोबा, आई-बाबा दोघं कामावर असतात, म्हणून तुम्हाला सांगते," ती म्हणाली. "सुट्टीत हिला बॉलपासून लांब ठेवा. टाच बरी झाली तर नव्या हंगामातला पहिला सामना हीच खेळणार. नाहीतर मला दुसऱ्या मुलीला उभं करावं लागेल. ती तयार आहे."

"दुसरी" म्हणताच भिंतीचा चेहरा पडला. गेलं वर्षभर पहाटे उठून तिनं ती जागा मिळवली होती हो!

"आता पहिले काही दिवस पूर्ण आराम," कोचताई पुढे म्हणाली, "आणि मग..."

"पुढचं सांगू नकोस, बेटा!" मी हात वर केला. "सुट्टी कशी द्यायची ते मला शिकवतेस? मी बॉयलरवाला आहे!"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे. हिनं कपाळावर हात मारून घेतला. कोचताई घाईत होती, गेली. तिच्या त्या 'आणि मग' मध्ये काय होतं, ते कळायला मला पुढे पाण्याच्या टाकीत डोकं घालावं लागलं.

तर, मी कामाला लागलो. एकदम थंड करायचं नाही, हा पहिला नियम. म्हणून पहिल्या दिवशी भिंतीला खोलीत फेऱ्या मारू दिल्या. दुसऱ्या दिवशी निम्म्या. तिसऱ्या दिवशी खुर्ची! पाय स्टुलावर, स्टुलावर उशी. मी थोड्या थोड्या वेळानं येऊन टाचेला हात लावून पाहायचो.

"आजोबा, टाच आहे ती, इस्त्री नाही!"

"गप्प बस. थंड होतेय."

पण खेळाडूचे पाय ते! खुर्चीत बसल्या बसल्या तिनं मोज्यांचा बोळा केला आणि भिंतीवर मारायला लागली. धप, धप, धप! खालच्या मजल्यावर रात्रपाळीची नर्स राहते, बिचारी दिवसा झोपते. ती विस्कटलेल्या केसांनी वर आली.

"काका, वर कुणी भिंत पाडतंय का?"

"छे छे! भिंतच पाडतेय," मी म्हणालो. तिला काही समजलं नाही. डोळे चोळत परत गेली.

मी घरातले सगळे मोजे जप्त केले. माझा मुलगा नुसत्या बुटात ऑफिसला गेला आणि संध्याकाळी लंगडत आला. मग भिंतीनं उशी धरली. उशी काढली तर साबणाची वडी. साबण काढला तर माझी टोपी!

खरा प्रश्न मात्र बॉलचा होता. पलंगाखाली लपवला, तिनं काढला. कपाटावर ठेवला, काढला. धुण्याच्या मशीनमध्ये टाकला, तर माझा चहा गाळून होईपर्यंत ती बॉल काखेत घेऊन समोर उभी! गोल अडवणाऱ्या पोरीला बॉल कुठे आहे हे वासावरून कळतं की काय, देव जाणे.

एका दुपारी ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, ती दुसरी मुलगी आत्ता सराव करत असेल ना?"

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पण मी ठाम. "करू दे. तापलेला बॉयलर तापवत राहिलं की काय होतं माहीत आहे?"

"फुटतो. शंभरदा सांगितलंय तुम्ही."

त्याच दुपारी तिचा डोळा लागला आणि मी बॉलचा कायमचा बंदोबस्त करायचं ठरवलं. आमच्या इमारतीच्या गच्चीवर वापरायच्या पाण्याची टाकी आहे. तिच्या झाकणाची आणि खालच्या पंपाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे. मानाचं काम! त्या किल्लीला मी लाल दोरा बांधला होता आणि ती गळ्यात घालून फिरायचो. टाकीत बॉल ठेवला तर कोण शोधणार?

पण बॉल तरंगतो. मग अनुभव कामाला आला. आधी दाब उतरवायचा! सायकलच्या पंपाची सुई घालून मी त्याची हवा सोडली. फुस्स! बॉल माझ्याच गालांसारखा खप्पड झाला. मग त्याला साबणानं घासला, कापडी पिशवीत घातला, सोबत अर्धी वीट, पिशवीचं तोंड घट्ट बांधलं आणि सोडला पाण्यात. बुडूक! इतकं नीटनेटकं काम मी निवृत्तीनंतर प्रथमच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीतल्या एकाही नळाला पाणी नव्हतं.

दारावर थाप पडली. उघडलं तर नर्स! रात्रभर काम करून आलेली, डोक्यावर शाम्पूच्या फेसाचा डोंगर, एक डोळा मिटलेला.

"काका, पाणी!"

"टाकी रिकामी झाली असणार," मी ऐटीत म्हणालो. "आत्ता पंप लावतो. तू नळ उघडा ठेव, म्हणजे आल्याबरोबर कळेल." जिना उतरताना मी प्रत्येक मजल्यावर ओरडत गेलो, "नळ उघडे ठेवा! पाणी येतंय!"

पंप लावला. पंप घुरघुरला. पाणी आलं! पण नळातून नाही. गच्चीवरून धो धो खाली! आणि नेमकी त्याच क्षणी इमारतीच्या दारात भिंतीची चौकशी करायला आलेली कोचताई उभी. नखशिखांत भिजली! दचकून तिनं शिट्टी फुंकली, तर शिट्टीतून आवाजाऐवजी बुडबुडे आले.

मी पंप बंद केला आणि सगळी वरात गच्चीवर पळाली. भिंतही निघाली.

"टाच! टाच!" मी ओरडलो.

"आजोबा, टाच दुखतेय तिची, तुटली नाहीये!" कोचताई केस पिळत म्हणाली. "चालू द्या तिला!"

झाकण उघडून पाहतो तर टाकी काठोकाठ भरलेली! वर समुद्र आणि खाली वाळवंट! कुणी म्हणालं पाइप चोंदला, कुणी म्हणालं हवा अडकली. मीही गंभीर चेहरा करून पाइपावर टकटक करत होतो. एवढ्यात माझ्या शेजारून अगदी शांत आवाज आला.

"आजोबा, माझा बॉल कुठंय?"

मी पाइपाकडे पाहिलं. पाइप टाकीच्या तळातून निघतो. तळाशी काय आहे, ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. हवा काढलेला लुळा बॉल, वरून ओलं कापड, पाण्याची ओढ... जगात यापेक्षा चांगलं बूच कुठल्या कारखान्यात मिळणार नाही!

"त्याचं काय आहे," मी घसा साफ केला, "बॉलसुद्धा विश्रांती घेतोय."

माझं बोलणं पुरं होईपर्यंत सगळ्यांना सगळं कळलं. "अहो, त्या पाण्यानं चूळ भरतात लोक!" ही किंचाळली.

"बॉल साबणानं धुतला होता," मी म्हणालो.

"आणि वीट?" नातीनं विचारलं. पिशवी दिसत नव्हती, पण माझ्या शेजारच्या कुंड्यांमधली अर्धी वीट नाहीशी झालेली तिला दिसली होती. भिंत ती!

पाणी तर प्रत्येकाला हवंच होतं, म्हणून आधी सगळ्यांनी बादल्या भरभरून नेल्या. नर्सनं तिथंच डोकं धुतलं. पाणी माझ्या कमरेइतकं उरलं तेव्हा मी बाह्या सरसावल्या. "बाजूला व्हा. बॉयलरच्या भोकातून मी उंदरासारखा आत-बाहेर करायचो."

आता माझ्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. उंदीर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि वर्षं पोटावर बसतात. डोकं आत गेलं, खांदे गेले, आणि कमरेशी गाडी थांबली! ना पुढे ना मागे. बाहेर माझे पाय हवेत हलत होते आणि आत मी बोललेलं सगळं घुमत होतं.

"मला काही झालेलं नाही! ...लेलं नाही! ...लेलं नाही!"

"ओढा!" बाहेरून कोचताईचा आवाज. तिनं शिट्टी फुंकली. आता मात्र शिट्टी ठणठणीत वाजली! एका शिट्टीला एक हिसका. नर्सनं डावा पाय धरला, हिनं उजवा. तिसऱ्या शिट्टीला मी बुचासारखा सुटलो आणि हिच्या मांडीवर येऊन पडलो. लग्नानंतर इतक्या लोकांसमोर प्रथमच.

"आता कोण जाणार?" ही म्हणाली.

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. मी कंबर धरून उठलो. "नाही! तिला आराम सांगितलाय! मी कोचताईला शब्द दिलाय!"

"आजोबा," कोचताई माझ्याजवळ उकिडवी बसली, "त्या दिवशी मी म्हणाले होते, पहिले काही दिवस आराम, आणि मग. तुम्ही पुढचं ऐकलंच नाही. आणि मग पोहायचं. पाण्यात टाचेवर भार पडत नाही."

मी झाकणापासून बाजूला सरकलो. 

कोचताईनं हात धरून भिंतीला आत सोडलं आणि काठावर पालथी पडून तिच्यावर नजर ठेवली. आतून छपछप आवाज आला. मग बुडी. मग पाणी उडालं. आणि मग पोर हसली! सुट्टी लागल्यापासून ती हसलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं, टाकीतून ते हसू घुमत वर आल्यावर. मी तिच्या टाचेला दिवसातून दहा वेळा हात लावला होता, पण तोंडाकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. बॉयलर नुसता बंद ठेवला की गंजतो, हे मीच नव्या पोरांना शिकवायचो. आणि घरात मी भिंतीला गंज चढवत बसलो होतो.

"सापडला!" विटेसकट पिशवी वर आली.

"टाच कशी आहे?" कोचताईनं विचारलं.

"कुठली टाच?" आतून उत्तर आलं. "अजून थोडा वेळ राहू ना!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा खालून आवाज येत होता. भळभळ, भळभळ. नर्सच्या डोक्यात प्रथम प्रकाश पडला.

"काका! नळ!"

इमारतीतले सगळे नळ उघडे होते. माझ्याच सांगण्यावरून! जिन्यावरून काय पळापळ झाली म्हणता! नर्सच्या घरात चपला तरंगत होत्या. आमच्या घरात जप्त केलेले मोजे स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात सहलीला निघाले होते. दुपारपर्यंत फरशी पुसत होतो. मी पुसत होतो, बाकीचे बघत होते.

संध्याकाळी नर्स, ही आणि कोचताई अशी तिघींची बैठक बसली. मला बोलावलं.

"काका, तुम्ही फार दमलात," नर्स इतक्या मायेनं म्हणाली की मला धडकीच भरली. "आता तुम्हाला सुट्टी. पंपापासून लांब राहायचं."

हिनं माझ्या गळ्यातून किल्ली काढली आणि भिंतीच्या हातात दिली. "लपव कुठेतरी."

त्यानंतरची सुट्टी कोचताईच्या पद्धतीनं गेली. भिंत तलावावर पोहायला जायची, मैत्रिणींबरोबर सायकलवर हळूहळू हिंडायची, दुपारी पोटभर झोपायची. बॉल कपाटावर उघडा पडला होता, कुणी शिवत नव्हतं. मी कोचताईला विचारलं, "ती खेळ विसरली तर?"

"विसरू दे थोडा," ती म्हणाली. "आठवण यायला हवी, आजोबा. त्यासाठीच तर सुट्टी असते."

आणि एक दिवस भिंतीनं आपणहून बॉल खाली काढला, त्यात हवा भरली आणि म्हणाली, "आजोबा, चला, मला बॉल टाका." टाच दुखली नाही. पहिल्या सामन्याच्या संघात तिचं नाव लागलं.

मला मात्र किल्ली सापडेना! पलंगाखाली पाहिलं, कपाटावर पाहिलं, धुण्याच्या मशीनमध्ये हात घातला. "शोधताय का?" ही विचारायची. "मी कुठं शोधतोय!" मी म्हणायचो आणि डब्यांची झाकणं लावून टाकायचो.

मग तो पहिला सामना. भिंत गोलमध्ये. खांबाशेजारी तिची पाण्याची बाटली. ऊन चांगलं पडलं होतं. समोरून संघ चढून आला, मैदान श्वास रोखून बसलं, आणि मला बाटलीच्या गळ्याला काहीतरी चमकताना दिसलं. लाल दोरा!

"किल्ली!" मी ताडकन उभा राहून ओरडलो.

भिंतीनं वळून माझ्याकडे पाहिलं.

सामना आपण तीन-एक असा जिंकला, काळजी नको. तो एक तेवढा माझ्या नावावर आहे.