ओटीपी नवऱ्याला बी सांगायचा न्हाई

बायको बेबीनंदा बुद्धविहारात बचत गटाच्या बैठकीला गेल्ती, म्हणून मी ठरवलं की आज कूलर आपणच दुरुस्त करायचा. भुजंग मिस्त्री आठवडाभर "येतोच" म्हणून राह्यला होता, अन् परतूरच्या मे महिन्यात नुसत्या "येतोच"वर झोप लागत न्हाई. (मी बँकेत क्लार्क. जन्मभर हातात पेन अन् शिक्का. पाना कधी धरला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.)

मोबाइल वरच्या खिशात ठेवून मी कूलरमध्ये वाकलो. आधी मोबाइल पाण्यात पडला. तो धरायला गेलो तर पत्र्यानं तळहात फाडला. मंग हाताला टॉवेल गुंडाळला अन् रिक्षा करून नमनच्या दवाखान्यात आलो.

नमन म्हणजे आमच्या कचरूलाल डॉक्टरांचा नातू. डॉक्टर गेले, पण त्या दारात पाय ठेवला की मला अजून त्यांच्या लाल औषधाचा वास येतो. बाटलीला डोसाची कागदी पट्टी ते स्वतः चिकटवायचे. बाकड्यावर बसलेला प्रत्येक माणूस त्यांना आज्यापणज्यासकट ठाऊक. "तात्या, तुझ्या बापाला बी उन्हाळ्यात असंच व्हायचं," असं म्हणून पाठीवर हात ठेवायचे, अन् अर्धं दुखणं तिथंच उतरायचं. आता तिथं एसी हाय, पण पाठीवर कोणी हात ठेवत न्हाई. मला त्यांची फार आठवण येते.

नमन शिकून आला तेव्हा म्हणला, "काका, आजोबांचे सगळे केसपेपर कॉम्प्युटरमध्ये घालायचेत. तुमच्या बँकेचं कर्ज पाहिजे." मॅनेजरच्या मागं लागून ते काम मीच करून दिलं. वर आमच्या शाखेतच खातेदारांचे हेल्थ कार्ड काढायचं शिबिर भरवलं. ज्याचा त्याचा जुना केसपेपर त्या कार्डाला जोडला, म्हणजे ओटीपी दिला की कुठल्याबी डॉक्टरला तो दिसावा. भाषण बी मीच ठोकलं. माझ्या कार्डाला मोबाइल नंबर बेबीनंदाचा दिला, कारण माझा फोन मी कुठंबी विसरतो. (किंवा पाण्यात पाडतो.)

नमननं जखम पाह्यली. "टाके पडतील काका. आधी बधिर करायचं इंजेक्शन देतो, मंग धनुर्वाताचं. कशाची ॲलर्जी?"

"हाय ना. एका इंजेक्शनची. लग्न नुकतंच झाल्तं तेव्हा तुझ्या आजोबांसमोर मी धाडकन पडलो. ते बेबीनंदाला म्हणले, याला हे इंजेक्शन चालत न्हाई. तवापासून मी सुई टोचूनच घेतली न्हाई."

"पण इंजेक्शन कोणतं?"

ते मला कुठं आठवतंय. नमनचा चेहरा उतरला. "काका, चुकीचं गेलं तर जिवावर बेतेल. आजोबांच्या केसपेपरात असणार. थांबा, तुमचं कार्ड उघडतो." त्यानं बटण दाबलं. ओटीपी गेला बेबीनंदाच्या मोबाइलवर. मी दवाखान्याच्या फोनवरून तिला फोन लावला.

इथं एक गोष्ट सांगायची राह्यली. ओटीपी कुणाला सांगू नका, हे बँकेतर्फे गावोगाव सांगत फिरायचं काम माझ्याकडं होतं. शहागडला तर लाउडस्पीकरवर म्हणलो होतो, "माताभगिनींनो, सख्ख्या नवऱ्याला बी सांगू नका. आजकाल लबाड लोक नवऱ्याचा आवाज काढून बोलतेत." टाळ्या पडल्या होत्या. पहिल्या रांगेत बेबीनंदा होती.

"हॅलो, मी बोलून राह्यलो. आत्ता मोबाइलवर एक नंबर आलाय बघ, तो जल्दी सांग."

"मी म्हणजे कोण?"

"अगं मी. तातेराव."

"आमचे हे सोताचं नाव घेऊन बोलत न्हाईत."

"हात कापलाय माझा. दवाखान्यात हाय."

"असंच सांगतेत म्हणे. बरं, लग्नात मी कोणत्या रंगाचं पातळ नेसले होते?"

"पांढरं," मी छाती फुगवून म्हणलो.

"आमच्यात सगळ्याच पोरी पांढरं नेसतेत. ते कुणीबी सांगंल. सकाळची वांग्याची भाजी कशी झाल्ती?"

भाजी खारट झाल्ती. पण बाई रागावली तर नंबर जाईल, म्हणून मी म्हणलो, "फक्कड. असं वांगं जन्मात खाल्लं न्हाई."

"चोरा," बेबीनंदा म्हणली, "माझ्या नवऱ्यानं आजवर एका भाजीला चांगलं म्हणलं न्हाई." अन् फोन कट. परत लावला तर नंबर ब्लॉक. टॉवेल लाल होत चालल्ता. आपण आता आपल्याच भाषणानं मरणार, अशी माझी बिलकुल खात्री झाली अन् डोळ्यांत पाणी आलं.

वाचवलं ते शेजारच्या गिरिजाबाईंनी. त्यांनी मला रिक्षात बसताना पाह्यलं होतं, अन् उशिरा बैठकीला पोचून त्यांनी ते बेबीनंदाला सांगितलं. ती पळतच आली. माझा हात पाहून रडायला लागली. पण नमननं नवा ओटीपी पाठवून तो विचारला तर डोळे पुसून म्हणली, "तुम्ही जरा तिकडं तोंड करा." मी भिंतीकडं तोंड केलं. तिनं नमनच्या कानात नंबर सांगितला.

कार्ड उघडलं. पडद्यावर कचरूलाल डॉक्टरांचं तिरकं अक्षर आलं. नमन घाईघाईत मोठ्यानं वाचायला लागला.

"तातेराव. ॲलर्जी कसलीच नाही. सुई पाहून चक्कर. नवीन लग्न आहे, म्हणून 'याला हे इंजेक्शन चालत नाही' असं बायकोला सांगितलं. पोरगा भित्रा आहे, पण चांगला आहे."

डॉक्टरांनी माझी अब्रू इतकी वर्षं झाकली होती, अन् मी बँकेचं कर्ज मिळवून देऊन ती उघडी केली.

बेबीनंदानं माझ्याकडं पाह्यलं. मंग पदर तोंडाला लावून लई वेळ हसली. मंग माझ्या पाठीवर हात ठेवला, बराबर डॉक्टर ठेवायचे तिथं, अन् म्हणली, "दे रे नमन इंजेक्शन. मी धरते यांना. अन् तेवढी कॉम्प्युटरात दुरुस्ती कर."

"काय करू काकू?"

"पोरगा खोडून म्हातारा लिही. बाकी राहू दे."

नमननं लिहिलं. आता देशात कुठंबी आजारी पडलो तरी डॉक्टरच्या पडद्यावर हेच येणार. त्यासाठी ओटीपी तेवढा लागतो, अन् तो बेबीनंदा आजकाल कुणी मागायच्या आधीच सांगून टाकते.