पडद्याला हात लावणारे सिद्रामअण्णा

सिद्रामअण्णा माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरतात. "पॉलिस्टर मिसळलंय की यात. फसवलं तुला," एवढं झालं, की मग "कुठला तू?" जुळे सोलापुरात मी राहायला आलो त्या दिवशी जिन्यातच माझी अशी तपासणी झाली आणि मी नापास झालो.

अण्णा शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटेच असतात. चादरीच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी तयार माल हाताने तपासला. अजूनही बँकेतला पडदा असो की नवरदेवाचा फेटा, त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय सुटत नाही. "डोळं फसत्यात. हाताला कळतंय," हे त्यांचं पालुपद.

मी स्वतःला डिजिटल कलावंत म्हणवतो. घरचे 'स्क्रीनचं कायतरी करतो' म्हणतात, आणि तेच जास्त खरं आहे. आठ महिने खपून मी ताणलेल्या कापडाचा एक पडदा केला. त्यावर तळवा दाबला, की प्रोजेक्टरच्या उजेडातले रंगीत धागे हाताभोवती गोळा होतात आणि हात फिरेल तशी नक्षी उमटते. कुणी हात लावला नाही, तर ते नुसतं पांढरं कापड. एका सभागृहात तो एक दिवस मांडायला मिळाला. लोकांनी हात लावला तरच माझे आठ महिने कारणी लागणार होते.

सकाळी लोक आले. दाराशी चपला काढल्या आणि पडद्यासमोर हात जोडून उभे राहिले. एका आजींनी केसातलं फूल काढून खाली ठेवलं. 'कृपया हात लावा' अशी पाटी मी लावली होती. एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, पाटी चुकलीय तुमची." दुपारपर्यंत माझ्या कलेला एक बोटही लागलं नव्हतं. मी मात्र घामाने भिजलो होतो.

तेवढ्यात अण्णा आले. कापड चिमटीत धरून "जरा ढिलं बसवलंस" म्हणाले आणि तळवा टेकवला. धागे धावत आले. अण्णांनी मागे उभ्या असलेल्या एका दुकानदाराचं मनगट पकडलं. "हात आणा हिकडं मालक. चावत न्हाय ते."

मग रांग लागली. प्रत्येकाचा हात अण्णाच धरून टेकवत होते. "अण्णा, आता लावतील ते आपले आपण," मी दोनदा म्हणालो. त्यांनी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी हॉल रिकामा झाला. मी वायरी गुंडाळू लागलो.

"उद्या न्हाय व्हय?" अण्णांनी विचारलं.

"नाही. आजच्यापुरतंच होतं."

ते खुर्चीत बसले. "ही गेली तवापासनं कुणी हात धरला न्हाय बघ. पोरगं व्हिडिओवर दिसतंय, सून फोनवर बोलती. आज लई हात मिळाले."

मला फार लाज वाटली. दीड वर्ष मी या माणसाच्या भिंतीपलीकडे राहतोय आणि भेटले की लांबूनच नमस्कार घालून सटकतोय.

मी वायर पुन्हा जोडली. सभागृहाच्या व्यवस्थापकांना फोन करून, पडदा उतरवायला अजून दोन दिवस लागतील, असं बेधडक खोटं सांगितलं. मग अण्णांना उठवायला हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि माझ्या स्कूटरपाशी येईपर्यंत सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही.