जड पाण्याच्या राज्यात गोडे पाणी आले त्याची हकिकत

॥ श्री ॥ गच्चीवरील टाकीत वास करणाऱ्या वरुणास नमस्कार आणि तळघरीच्या मोटारीस त्याहून मोठा नमस्कार, कारण तिच्यावाचून वरुण वर चढत नाही. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, फाल्गुन मास, ते समयी शहराच्या वेशीबाहेर चार बुरुजांचे एक राज्य होते. बुरुजांस विंग म्हणत. राज्यात सर्व सुखे होती, परंतु पाणी जड. कूपनलिका खोल पाताळी गेलेली, तेथून पाणी खडकाचा चुना घेऊनच वर येई. मग नळांस पांढरी दाढी फुटली आणि तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या खाऊनही ताठच राहिली आणि साबणास फेस येईना आणि गीझर धारातीर्थी पडले आणि गाळणयंत्रे बसविली तीही क्षारांनी कोंडून निमाली, ऐसा आकांत वर्तला.

या राज्याचे अध्यक्षपद राजश्री त्र्यंबकराव भूषवीत होते. वयोवृद्ध, मितभाषी, पायांत सदा रबरी सपाता. त्यांचे कुटुंब कुमुदिनीबाई, माहेर कृष्णाकाठचे, गोड्या पाण्यावर वाढलेल्या. बाईसाहेब नित्य प्रातःकाळी चहा करीत आणि चहावर तेलकट तवंग धरे आणि चव चुन्याकडे झुके, तों त्या कप पुढे ठेवीत म्हणत, "अहो, हा माझा चहा नव्हेच. गोडं पाणी आणा एकदा, मग दाखवते माझा चहा." आणि रावसाहेब म्हणत, "आणतो, आणतो. या वर्षी नक्की." ऐसे करता करता वर्षे लोटली आणि कूपनलिका अधिकच खोल गेली आणि दोन दिवाळ्यांमागे बाईसाहेब कैलासवासी जाहल्या. मग रावसाहेब स्वहस्ते चहा करू लागले. तिचेच पातेले, तिचाच चमचा, तेवढेच आले ठेचून. तवंग धरे, चुना लागे, आणि डोळे मिटून घोट घेतला म्हणजे ओट्यापाशी बांगड्या वाजत. येणेकरून ज्या पाण्यास उभा जन्म नावे ठेविली, त्याच पाण्यावर त्यांची माया बसली.

इतक्यात चिटणीस मकरंदपंत, वयाने तरुण, उत्साहाने दांडगे, यांनी मीठ खाऊन पाणी हलके करणारे यंत्र आणविले. रावसाहेबांस नाही म्हणवेना, वचन दिलेले होते. फाल्गुन शुद्ध पंचमीस यंत्राची पूजा मांडली. कारागिराने यंत्र मिठाच्या पाण्याने धुण्यास लाविले आणि जवळ उभ्या रावसाहेबांस बजावले, "थोड्या वेळाने हा दांडा सरळ करा साहेब, नाहीतर सगळं मीठ टाकीत जाईल," आणि तो आपले वाटेने गेला. मग मकरंदपंतांनी हळदकुंकू वाहिले आणि नारळ फोडिला आणि झेंडूचा जाड हार नेमका त्या दांड्यासच घातला आणि पेढे वाटण्यात वेळ कोठे गेला ते कळले नाही. आता हार घातलेल्या देवास हात कोण लावणार? दांडा हाराखाली आडवाच राहिला. दुसरे दिवशी चारी बुरुजांत चहा खारट. वाहनतळावर सभा भरली आणि तळमजल्याच्या पमाताई कडाडल्या, "मकरंद, समुद्र आणलास का रे घरात? आमचं जुनं पाणी काय वाईट होतं? काढा ते यंत्र!" आणि सर्वांनी माना डोलाविल्या. रावसाहेबांस तो दांडा आठवला. अगदी जिभेवर आला. परंतु यंत्र गेले म्हणजे जुने पाणी परत येईल, सकाळचा तो घोट राहील, ऐसे मनात येऊन ते गप्प बसले. "उद्या सांगतो," इतकेच बोलून उठले.

दुपारी वामकुक्षीस पडले तों स्वप्न पडले. रुंद नदी, संथ पाणी, उन्हाचा कोवळा रंग, आणि घाटाच्या पायरीवर कुमुदिनीबाई पाय बुडवून बसलेल्या. केस मोकळे आणि मऊ, इकडल्या पाण्याने राठ जाहले ते नव्हेत. शेजारी तेच पातेले, आणि त्याची वाफ नदीभर पसरत चाललेली. "पाणी आलं का हो?" बाईंनी पुसले. रावसाहेब म्हणाले, "आलंय. पण परत पाठवतोय." "का बरं?" "जुन्या पाण्यात तुझा चहा लागतो." बाई हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "अहो, तो चहा माझा नव्हता. किती वेळा सांगितलं तुम्हाला. ऐकलंत कधी?" मग नदी अंथरुणापर्यंत आली आणि पाय गार पडले आणि रावसाहेब जागे जाहले. मग तैसेच सपाता घालून तळघरी उतरले आणि मकरंदपंतांस बोलाविले आणि म्हणाले, "हार काढ." पंत बिचकले. "काका, पूजेचा हार आहे." "काढ. खाली दांडा आडवा आहे. मला सभेतच ठाऊक होतं, मी बोललो नाही." पंतांनी एकवार त्यांचेकडे पाहिले आणि हार उतरविला. दांडा सरळ केला, टाक्या धुतल्या, पाणी नव्याने भरले.

दुसरे दिवशी सकाळी रावसाहेबांनी चहा केला. तेच पातेले, तोच चमचा, तेवढेच आले. तवंग धरला नाही. रंग तांबूस उतरला आणि आल्याचा वास घरभर फिरला. डोळे मिटून घोट घेतला. बांगड्या वाजल्या नाहीत. परंतु ऐसा चहा त्यांनी आजवर चाखिला नव्हता, आणि इतका संसार करून बायकोच्या हातचा खरा चहा आज प्रथमच पितो आहोत, हे ध्यानी आले. "खरंच गं कुमुद," ते म्हणाले, "हा तुझा." आणि ओट्यास धरून पोटभर रडले.

येणेप्रमाणे राज्यात गोडे पाणी आले. डाळी शिजल्या, साबणास फेस आला, पमाताईंनी मकरंदपंतांस घरी बोलावून आमटीभात जेवू घातला. त्र्यंबकराव हल्ली सकाळी दोन कप चहा घेतात, एक आपला आणि एक तिच्या वाटणीचा.