अण्णांच्या हृदयाची फेरमोजणी

आपल्या हृदयाला जन्मापासून भोक आहे, हे सोपानअण्णा नवीन माणसाला स्वतःच्या नावाआधी सांगतात. पन्नाशी उलटल्यावर धाप लागू लागली, तेव्हा इकोत ते सापडलं. दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, डावीकडचं रक्त उजवीकडे जातंय. डॉक्टर स्क्रीनवर दाखवून समजावत होते. अण्णांनी त्यांना मध्येच थांबवलं.

"समाजलं. बांध फुटलाय. ह्याचं पाणी त्याच्या वावरात."

बांधाचं अण्णांना कुणी शिकवायला नको. बांधावरूनच त्यांनी धाकट्या भावाशी, बाळूशी, वर्षानुवर्षं अबोला धरलाय. तो बांध आता वाकडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगखाली आहे. दोघांनी एकाच बिल्डरला जमीन दिली. अण्णा ए विंगमध्ये, माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आले, बाळूशेठ बी विंगमध्ये. वावर गेलं, भांडण तेवढं दोघांनी जिवापाड जपलंय.

ऑपरेशन करायचं की नाही, ते ठरवायला डॉक्टरांनी हृदयाचा एमआरआय सांगितला. अण्णांच्या भाषेत फेरमोजणी. आणि जमिनीची मोजणी म्हटली की शेजारचा खातेदार हजर लागतो! बाळू आल्याशिवाय मशीनमध्ये जाणार नाही, म्हणून अण्णा अडून बसले.

"अहो, हृदय तुमचं एकट्याचं आहे," मी म्हणालो.

"तुमा आयटीवाल्यांना सातबारा कळत न्हाई. त्याला निस्तं घिऊन या."

मी बी विंगमध्ये गेलो. "आता काळजातबी हिस्सा मागतोय का काय मी?" बाळूशेठ कडाडले. पण सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गाडीपाशी हजर. वाटेत दोघे भाऊ दोन खिडक्यांतून बाहेर बघत बसले. मला हसू आवरेना.

दवाखान्यात अण्णांनी भावालाच पुढे ढकललं. "डॉक्टर, आदी ह्याचा इको."

तेव्हा मला उलगडा झाला. हा दोष भावंडांतही असू शकतो, असं डॉक्टर मागेच म्हणाले होते. तेव्हापासून अण्णांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"मला काय धाड भरलीय?" बाळूशेठ गुरगुरले.

"गप पड. जेली गार असती, घाबरू नगं."

बाळूशेठचा पडदा अखंड निघाला. अण्णांनी डॉक्टरांकडून ते पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. मग टोपीने डोळे पुसले आणि कुणाकडे न बघता एमआरआयच्या खोलीत निघून गेले.

दारातून सिस्टरने विचारलं, "पेशंटसोबत कोण आहे?"

मी उठू लागलो. बाळूशेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"मी हाय," ते म्हणाले. "भाऊ हाय मी त्यांचा."