मनातल्या मनात चाला!

"माझ्या डोक्यात अजून एक चमचा इकडचा तिकडे झालेला नाही," काकूंनी ठणकावलं. "काढा खुशाल मेंदूचे फोटो!"

आतून मात्र त्या धास्तावल्या होत्या. महिन्याभरात दोनदा त्या जिन्यात पडल्या होत्या. चालण्याचे आणि तोलाचे निरोप मेंदूतून पायांपर्यंत नेणाऱ्या वाटांवर बिघाड निघाला, तर तिसऱ्या मजल्यावरचं उजेडाचं घर सोडून मुलानं बघून ठेवलेल्या तळमजल्यावरच्या कोंदट खोल्यांत जायचं, असं ठरलं होतं. काका काकूंची काठी सांभाळत बाहेर बाकावर बसले.

यंत्रावरच्या मुलीनं काकूंना फळीवर निजवून यंत्राच्या बोगद्यात सरकवलं आणि हातात रबरी फुगा दिला. "आजी, अगदीच राहवलं नाही तर हा दाबा. आता पाय न हलवता मनातल्या मनात चाला. ओळखीच्या घरातून, सावकाश. मेंदू पायांना कसा चालवतो ते आम्हाला इथं दिसेल."

"एवढंच ना!"

पत्र्यावर हातोडे बडवावेत तसं यंत्र सुरू झालं. काकू निघाल्या. उंबरा ओलांडला. ओल्या चादरीखालून वाकून गेल्या. लाल फरशी, तिसरी डुगडुगते, तिच्यावर पाय नको. स्वयंपाकघराचं दार ढकललं. खिडकीखाली पातेलं. पातेल्यात दूध. साय थरथरली, कडेनं फुगली, वर चढू लागली...

अगं बाई! दूध तसंच ठेवून आले!

त्यांनी फुगा दाबला. पिळलाच म्हणा ना!

"काय होतंय, आजी?"

"दूध!"

"तपासणी झाली की देते हं."

"प्यायला नकोय गं! उतू जातंय!"

"हलू नका, फोटो बिघडेल!"

"इथं घर पेटायची वेळ आलीय आणि तुला फोटोचं पडलंय!"

फळी बाहेर येते न येते तोच काकूंनी उडी मारली. अनवाणी, दवाखान्याचा झगा फडफडवत त्या सुसाट सुटल्या. वळणावर चहाचा कप घेतलेल्या डॉक्टरांना हुलकावणी दिली, ढकलगाडीला वळसा घातला. "धरा त्यांना!" मुलगी ओरडली. डॉक्टर मात्र कप तसाच धरून काकूंच्या पावलांकडे बघत राहिले.

काकूंकडून दुधाचं ऐकून काका पांढरेफटक पडले. किल्ली शेजारणीकडे असते. त्यांनी तिला फोन लावला. तीन मिनिटांत ती घरात जाऊन बघून आली.

"काका, शेगडी थंडगार आहे. वर पातेलंसुद्धा नाही."

"शेगडी नव्हे! खिडकीखालचा स्टोव्ह बघ म्हणावं!"

काकांनी फोन हळूच खाली घेतला. "अगं, रॉकेलचा स्टोव्ह? लाल फरशीच्या घरातला? ते घर सोडून अडतीस वर्षं झाली!"

डॉक्टरांनी घसा खाकरला. "फोटो अर्धेच निघाले, पण त्यांत वाटा मोकळ्या दिसतात. बाकीचं मी डोळ्यांनी पाहिलं! तिसरा मजला सोडायचं कारण नाही. जिन्यातला दिवा तेवढा बदलून घ्या."

काकू फुलून गेल्या. "बघितलंत माझं डोकं? अडतीस वर्षांपूर्वीचं दूध जागच्या जागी! दारात बोलत उभी राहिले आणि अख्खं पातेलं उतू गेलं होतं!"

काकांनी काठी टेकवली. "तू तर म्हणाली होतीस, मांजरानं सांडलं."

काकू झग्याची नाडी नीट बांधू लागल्या.

"मी त्या बिचाऱ्याला पिशवीत घालून गावाबाहेर सोडून आलो होतो!"

आणि त्या दिवसात पहिल्यांदाच काकूंचा तोल गेला. भिंतीला धरत त्या म्हणाल्या, "अहो, काठी द्या ना जरा."

काठी घेऊन काका केव्हाच चालू लागले होते.