क्षमावणीआधीचं सॉरी

पार्श्वनाथरावांच्या हातून सकाळी चहा सांडला आणि ते बायकोला चक्क "सॉरी" म्हणाले. त्रिशलाकाकूंच्या हातातलं फडकं जागीच थांबलं. आक्रीतच म्हणायचं की! एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसानं माफी मागितली ती फक्त पर्युषणानंतरच्या क्षमावणीला, वर्षातून एकदा, तीही मंदिरात सगळ्यांबरोबर उभं राहून. एरवी "कप कडंला कुणी ठेवला?" हाच त्यांचा मंत्र. आणि क्षमावणी तर अजून लांब होती.

दुपारी त्यांनी मीठ मागितलं ते सॉरी म्हणून. संध्याकाळी उंबऱ्यात चप्पल आडवी आली, तर चपलेलाही सॉरी. भानगड केल्याशिवाय नवरा एवढा गोड होतोय होय? त्यांनी खिसे चाचपले, मोबाईल उघडून पाहिला. सापडली ती नुसती खडीसाखर.

शेवटी त्यांनी लेकीला, आदितीला, सॉरीचा आणखी काही अर्थ होतो का ते विचारलं. ती मोबाईलमध्ये बघून म्हणाली, शब्द फार जुना आहे, मुळात त्याचा अर्थ दुःखानं, वेदनेनं भरलेला; माफीसाठी तो पुढं वापरात आला.

काकूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे भानगड नव्हे, दुखणं! माणूस मुकाट्यानं अंगावर काढतोय. त्यांनी गडहिंग्लजला भावाला फोन लावला. पारस मिळेल त्या एसटीनं आला आणि आल्या आल्या त्यानं मेव्हण्याची नाडी धरली.

"दाजी, खरं सांगा, कुठं दुखतंय?"

पार्श्वनाथरावांनी जरा आढेवेढे घेतले, मग मान खाली घातली. रविवारी आदितीला बघायला पुण्याचे पाहुणे येणार होते. त्यांच्यात म्हणे शिंक आली तरी सॉरी म्हणतात. आपल्या रांगड्या तोंडापायी लेकीचं जमता जमता मोडलं तर?

"आणि सराव कुणावर करायचा? दुकानात सॉरी म्हटलं की गिऱ्हाईक माल परत घेऊन येतंय."

पारस हसून हसून लोळला. काकूंनी डोळ्याला पदर लावला आणि नवऱ्याला दटावलं, पुन्हा हा शब्द घरात काढायचा न्हाय, माझा जीव जातोय.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा सांडला.

"कप कडंला कुणी ठेवला?" पार्श्वनाथराव गरजले. घर मूळपदावर आलं. काकूंनी फडकं घेतलं, पण पुसेनात. तशाच उभ्या राहिल्या.

"आता काय झालं?"

"पावणं रविवारी येणार हाईत न्हवं?" काकू फडक्याकडं बघत म्हणाल्या. "मग सराव का बंद केलासा?"