सातव्या पायरीची पूर्तता

आमच्या इमारतीच्या जिन्यातील, तळमजल्यापासून मोजल्यास सातवी पायरी तुटली. तुटली म्हणजे तिचा कठड्याकडील दीड फुटाचा भाग कोसळला आणि आतील गंजलेली सळई उघडी पडली. हे माप मी स्वतः टेप लावून घेतले आहे. बांधकामाची पदविका घेऊन छत्तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाने अंदाजपंचे बोलू नये, असे माझे मत आहे.

एरवी मी या प्रकरणी इतका पाठपुरावा केला नसता. परंतु दुसऱ्या मजल्यावर माझ्याकडे माझी थोरली बहीण राहते. ताईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती आणि डॉक्टरांनी बजावले होते की, सहा आठवड्यांनंतर तिने रोज खाली उतरून सपाट रस्त्यावर अर्धा तास चालावे; अन्यथा गुडघा आखडेल तो कायमचा. कठडा धरून एकेक पायरी उतरणे ताईला शक्य होते. खड्ड्यावरून उडी मारणे तिच्या उपचारांत बसत नव्हते.

मी देखभाल विभागाकडे तीन प्रतींत अर्ज केला. खाली शेजाऱ्यांच्या सह्यांसाठी जागा सोडली होती. ती तशीच राहिली. प्रत्येकाला घाई होती आणि प्रत्येकजण ती पायरी टाळून जायला शिकला होता.

नवव्या दिवशी कनिष्ठ अभियंता आले. त्यांनी डोळ्यांवर हेडसेट चढवला होता. विभागाकडे असे चाळीस हेडसेट आले होते, आणि ते वापरले गेल्याचे वर्षअखेरीस दाखवावयाचे होते. अभियंत्यांनी जिना चढून पाहणी केली आणि थांबून म्हणाले, "काका, पायरी व्यवस्थित आहे."

"साहेब, आपला पाय खड्ड्यात आहे."

"पाय असेल. मंजूर नकाशात खड्डा नाही."

या यंत्रात मूळ आराखड्याप्रमाणे संपूर्ण इमारत दिसते, हे त्यांनी मला समजावून सांगितले. मी टेप दाखवली. मग नाइलाजाने त्यांनी हवेत बोटाने एक गोल काढला, दोन बोटांची चिमूट मिटली आणि दुरुस्तीची नोंद केली. पुढच्या आठवड्यात ते परत आले, वीस मिनिटे जिन्यात उभे राहून हवेला चिमटे काढत राहिले आणि घाम पुसत म्हणाले, "झालं काम. बघा तरी!"

त्यांनी हेडसेट माझ्या डोळ्यांवर बसवला. जिना आमचाच होता. परंतु सातव्या पायरीच्या जागी राखाडी शिरांचा पांढराशुभ्र संगमरवर होता. भिंती फिक्या जांभळ्या झाल्या होत्या. वायरींची लोंबती जाळी दिसेनाशी झाली होती. मी तांत्रिक माणूस आहे. तरीही काम देखणे होते, हे मान्य केले पाहिजे.

"आता इथे चिमूट मिटा," अभियंता म्हणाले.

मी मिटली. ती माझी सही होती. तक्रारदाराचे पूर्ण समाधान झाल्याची नोंद झाली आणि प्रकरण बंद झाले.

"आणि खरी पायरी?" मी विचारले.

"काका, खरी-खोटी असा रकाना ह्यात नाहीये."

दुसऱ्या दिवशी दाराशी हेडसेटची पेटी आली. जिन्यात वावरताना ते लावणे बंधनकारक झाले, कारण उघड्या डोळ्यांनी जाणाऱ्यांचा गैरसमज होण्याचा संभव होता. रहिवासी आधी कुरकुरले. चौथ्या दिवसापासून चांगला पट्टा असलेल्या हेडसेटसाठी भांडू लागले. डोळ्यांना संगमरवर दिसे. पाय जुन्या सवयीने ती पायरी टाळत. कोणाचीच गैरसोय नव्हती.

फक्त आमच्या इमारतीचे चिटणीस एकदा बेसावध राहिले आणि संगमरवरावर पाय ठेवते झाले. घोटा मुरगळला. त्यांनी स्वतःच अहवाल लिहिला: 'यंत्राने पायरी योग्य दाखवली होती. पायाने ती मानली नाही.' विभागाने त्यांच्या पायास समज दिली असावी, कारण पुढे चिटणीस जिन्याची स्तुती लंगडत करू लागले.

ताई मात्र वरच होती. आठवा आठवडा संपला. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि मान हलवली. "पंधरा दिवस देतो. मग मी काही करू शकणार नाही."

मी हे विभागास लेखी कळवले. विभागाने तत्परतेने ताईसाठी स्वतंत्र हेडसेट पाठवला, त्यात बाग होती. ताईने तो लावला, काठी टेकत चार पावले गेली आणि कपाटावर आपटली.

"बागेत कपाट कुणी ठेवलंय रे?" तिने हेडसेट काढून माझ्या हातात दिला. "ह्यात फुलं आहेत, पाखरं आहेत, जमीन तेवढी दहा फूट आहे. डॉक्टरांना विचार, चालेल का?"

मी फोन केला. डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याला हेडसेट घालता येत नाही हो."

ताई माझ्याकडे वळली. "तू बांधकाम शिकलास ना?"

"हो."

"की अर्ज शिकलास?"

मला राग आला. नंतर मी अर्धे पोते सिमेंट आणले.

सळई तारेच्या ब्रशने घासून गंज काढला, फळी ठोकली, वाळू-खडी प्रमाणात मिसळून काँक्रीट भरले, समतल केले आणि वर पाटी लावली: 'ओले आहे, पाय ठेवू नये.' सकाळी पाहतो तो काँक्रीटमध्ये बुटांचे तीन ठसे आणि चिटणीसांच्या काठीचे भोक. पाटी बाजूला आडवी पडली होती. हेडसेटमध्ये पाटी दिसत नव्हती. कुणी फळीला अडखळून तोल सावरताना पाय टेकला होता आणि मागच्यांनी त्याचेच अनुकरण केले होते.

मी विभागास फोन केला. "सातव्या पायरीचं काँक्रीट ओलं आहे. हेडसेटमध्ये तशी सूचना दाखवा."

"कुठलं काँक्रीट? तिथे संगमरवर आहे."

"खड्डा होता, तो मी भरला."

"काका, नसलेल्या खड्ड्यात तुम्ही काय भरणार? आणि संगमरवरावर सिमेंट टाकलं असेल तर ते नुकसान धरलं जाईल, सांगून ठेवतो."

मी हताश होऊन वर आलो. त्याच दुपारी चिटणीसांनी तक्रार केली होती की, जांभळ्या भिंती त्यांच्या दाराच्या रंगाला शोभत नाहीत. दहा मिनिटांत भिंती मोतिया झाल्या.

"दहा मिनिटांत?" ताई म्हणाली.

"दहा."

"मग तू खड्ड्याचं का सांगत बसलायस त्यांना? त्यांना कळेल असं बोल."

मी खराब झालेले काँक्रीट उकरून काढले, नव्याने भरले, हात धुतले आणि आयुष्यातील पहिली खोटी तक्रार दाखल केली: 'सातव्या पायरीच्या संगमरवरावर चहाचा डाग पडला आहे.'

अकराव्या मिनिटास पायरीभोवती लाल पट्टी झळकू लागली. 'मौल्यवान दगड. उपचार सुरू. स्पर्श करू नये.' रहिवासी पट्टीपाशी थबकत आणि वरून अलगद ओलांडून जात. मी रोज दोन वेळा पाणी मारले. पाण्याचा आवाज ऐकून एक गृहस्थ म्हणाले, "दगड धुताहेत वाटतं. सेवा मात्र चोख हं!" दुसऱ्या दिवशी डाग पसरल्याचे कळवून मी मुदत सात दिवसांपर्यंत वाढवून घेतली. क्षमायाचनेचे पत्रही आले.

चिटणीसांनी तातडीची सभा बोलावली. "इतके आठवडे आपण हा जिना जपला," ते म्हणाले, "आणि कुणीतरी चहा सांडतो! एवढ्या सुंदर दगडावर!" निषेधाचा ठराव झाला. संध्याकाळपर्यंत त्यावर एकेचाळीस सह्या झाल्या. बेचाळिसावी मी केली. एकटे पडणे सोयीचे नव्हते.

आठव्या दिवशी ताई उतरली. डोळ्यांवर काही नाही, एका हातात काठी, दुसऱ्यात कठडा. सातव्या पायरीवर थांबून तिने काठीने दोनदा ठोकले.

"टणक आहे," ती म्हणाली. "पण तुझी कड वाकडी आहे."

कड दोन मिलिमीटरने वाकडी होती, हे मी मोजले आहे. ताई त्या दिवशी सोळा मिनिटे चालली. आता ती चाळीस मिनिटे चालते आणि मला मागे टाकते.

माझा मूळ अर्ज अजून माझ्यापाशी आहे. सह्यांची जागा कोरी आहे. डागाच्या निषेधपत्रावरील बेचाळीस सह्या मात्र मी एकेक करून तपासल्या. वाचकहो, त्यांत आपली सही नाही. आपला जिना वेगळा आहे, एवढेच त्याचे कारण असावे.